जॉब कार्डावरची ओळ

मे महिना. सकाळचे साडेनऊ. हैदराबादेत कोंडापूरच्या रस्त्यावर ऊन आत्ताच डोळ्यांत टोचतंय. सर्व्हिस सेंटरच्या फाटकाशी सात एसयूव्ही उभ्या. आत एसी हवा, म्हणून प्रत्येकीचं इंजिन घुरघुरतंय. वॉचमन टोपीखाली ओला रुमाल घालून एकेक नंबर वहीत उतरवतो. "साब, थोडा आगे लेओ." पुढे जागाच नाही.

आमची गाडी पाचवी. आमची म्हणजे काचीगुड्याच्या काकांची. मी नुसता सोबतीला. काकांच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत फाईल आहे. गाडी दीड वर्षाची, फाईल बोटभर जाड.

काचेचं दार ढकललं की एकदम गारवा. कॉफीचं मशिन, चामडी सोफे, भिंतीवर बर्फातून धावणाऱ्या गाडीचं चित्र. मागच्या उन्हाळ्यात माझ्या साध्या गाडीसाठी मीही अशाच एका ठिकाणी चार तास काढलेत. महागड्या गाडीच्या मालकाला सोफा मऊ मिळतो. वेळ तेवढाच लागतो.

सोफ्यांसमोर भिंतभर काच. पलीकडे लिफ्टवर दोन टनांची गाडी हवेत. बाहेरून आरशासारखी चकचकीत, खालून चिखल आणि काजळी. मालक उभा राहून बघतोय. एवढे पैसे मोजले, पण तिचं पोट त्याने आजच पाहिलं.

काका सर्व्हिस सल्लागाराला सांगताहेत. सोलापूरला निघाले होते. झहीराबादच्या पुढे गाडीने पिकअप सोडला, पिवळा दिवा लागला आणि चालत्या गाडीत इंजिन बंद. "ब्रेक दाबतोय, तर पेडल दगडासारखं. दोन्ही पाय रोवले तेव्हा कुठे थांबली."

सल्लागार आम्हाला आत नेतो. इथे एसी नाही. पंखे गरम हवाच फिरवतात. डिझेलचा आणि तापलेल्या रबराचा वास. कुठेतरी एअर गन खडखडते. टेक्निशियन स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडतो आणि बोटाने पडदा सरकवत राहतो. मग काकांना समजावतो. पेडलला जोर देणारा बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद पडलं की उरलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो. "ब्रेक फेल नक्को बोलो साब. ब्रेक है, मदद गयी."

काका माझ्याकडे बघतात. "ऐंशीच्या वेगात हा फरक मी कोणाला विचारू?"

स्कॅनर काजळीचं प्रमाण जास्त दाखवतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचं मानक आलं. तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर जवळपास ठरलेला. ती काजळी जळायला सुमारे ६०० अंश तापमान लागतं, आणि त्यासाठी गाडी सलग पळावी लागते. माधापूर-गच्चीबावलीच्या सिग्नलांवर ती रांगते. उपाय तयार आहे: दर आठवड्याला आउटर रिंग रोडवर न्या. रस्ता १५८ किलोमीटरचा आहे, हवी तेवढी पळवा. "म्हणजे गाडी घेतली की कुत्रा पाळला?" काका विचारतात. पण काजळीने पिकअप जाईल, इंजिनच का बंद पडलं? त्यावर टेक्निशियन पुन्हा पडदा सरकवतो.

शेजारच्या बेमध्ये मणिकोंड्याहून आलेली एक बाई हात बांधून उभी. तिच्या गाडीचं ब्रेक पेडल उतारावर खोल जातं. मेकॅनिक पोरगा ब्रेक ऑइलच्या डबीत पेनसारखा टेस्टर बुडवतो. लाल दिवा. हे द्रव हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट-४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही हद्द १५५ पर्यंत खाली येऊ शकते. उतारावर ब्रेक तापले की आत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. "वॉरंटीत नाही बसणार मॅडम." ती पावती न घेता तशीच उभी राहते.

काकांच्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह. कोथागुडा फ्लायओव्हरवरून जाऊन येतो. गाडी शहाण्यासारखी चालते. दिवा नाही, धक्का नाही. काकांचा चेहरा उतरतो.

परत काउंटर. "परसों भी देखे थे ना साब, नॉर्मल था." हैदराबादी बोलीत परसों म्हणजे परवा, मागचा महिना, मागचं वर्षही. काका फाईल उघडतात. हे परसों म्हणजे १४ फेब्रुवारी.

सोफ्यावरचे एक वकील, तेही गिऱ्हाईकच, ती फाईल मागून घेतात. ग्राहक आयोगाकडे जायला मुदत दोन वर्षांची. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग. कायद्याचं उद्दिष्ट तीन महिन्यांत निकाल, वस्तूची तपासणी लागली तर पाच. मग ते याच शहरातली एक जुनी गोष्ट सांगतात. सप्टेंबर २००९ मध्ये एका कंपनीने आलिशान जर्मन सेडान घेतली. चारच दिवसांत बिघाड. प्रकरण पोलिसांत, मग उच्च न्यायालयात गेलं. १० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याला ५० लाख द्यायला सांगितले. कोणी काही बोलत नाही. सगळे मनातल्या मनात वर्षं मोजतात.

प्रिंटर घरघरतो. जॉब कार्ड येतं. तक्रारीच्या रकान्यात तीन शब्द: पिकअप कमी, तपासणे. काका चष्मा चढवतात, पेन खाली ठेवतात. "माझी तक्रार मी सांगतो तशी लिहा. चालत्या गाडीत इंजिन बंद. पेडल कडक. तारीख. किलोमीटर." सल्लागार कुरकुरतो, मागची रांग बघतो, पुन्हा टाइप करतो. काका वाचतात. मग सही. मग मोबाइलवर फोटो.

बाहेर साडेतीनचं ऊन. फाटकाशी टो ट्रकवर आणखी एक गाडी येतेय. मालक ड्रायव्हरशेजारी बसलाय, फोनवर. त्याच्या हातात फाईल नाही.

तुमची गाडी लाखाची असो की कोटीची, सही करण्याआधी तेवढा एक रकाना वाचा.