भाजलेल्या जखमेचा ‘खोडवा’ जपा

कराड, पाटण, शिराळा, वाळवा या पट्ट्यात गुऱ्हाळांची चुलवाणं पेटली, की दरवर्षी कुणाचा ना कुणाचा हात भाजतो. पाठोपाठ हळद शिजवायची घाई. एका गुऱ्हाळावर पाक उडून गड्याचा हात कोपरापर्यंत भाजला. कुणी टूथपेस्ट लावली, कुणी हळद दाबली. चार दिवसांनी हात पिकला, मग दवाखाना गाठला. मांडीची कातडी काढून हाताला लावावी लागली. गड्याचा अख्खा हंगाम बुडाला.

असं का होतं? पाणी १०० अंशांना उकळतं; उतरायला आलेला गुळाचा पाक ११५ अंशांच्या पुढं असतो. शिवाय चिकट! अंगाला धरून बसतो आणि आत आत भाजत राहतो.

आता खोडव्याचं उदाहरण घ्या. ऊस तोडला तरी बुडख्यातले डोळे जिवंत असतात, म्हणून खोडवा फुटतो. कातडीचंही तसंच. तिच्या तळच्या थरात आणि केसांच्या मुळाशी मूळपेशी असतात. डॉक्टर त्यांना स्टेम सेल म्हणतात. वरचा थर जळाला तरी त्यांच्यापासून नवी कातडी येते. भाजणं खोल गेलं तर डोळेच जळतात. मग नवी लागणच करावी लागते, म्हणजे दुसरीकडची कातडी लावणं.

दुसरी गोष्ट ओलीची. जखम उघडी ठेवून वाळवावी, असं आपण मानतो. पण १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या जखमांवर प्रयोग करून दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेली जखम उघड्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगानं नवी कातडी धरते. पाचटाच्या आच्छादनाखाली ओल टिकते, तसाच हा प्रकार.

हायड्रोजेलची पट्टी हेच काम करते. ती पारदर्शक, लवचिक आणि पाण्यानं भरलेली असते. जखमेला गारवा देते, आणि काढताना नवी कातडी सोलली जात नाही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं किरणांच्या साहाय्यानं अशी पट्टी बनवण्याचं तंत्र तयार केलं आहे. त्यात पट्टी घट्टही होते आणि निर्जंतुकही. मात्र ती कोणत्या जखमेवर चालेल, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

आणि बाहेरून मूळपेशी देणं? जर्मनीत २०१५ मध्ये कातडीचा जन्मजात आजार असलेल्या ७ वर्षांच्या मुलाला, त्याच्याच पेशींपासून वाढवलेली कातडी जवळजवळ ८० टक्के अंगावर लावली गेली. पण भाजलेल्या जखमेवर मूळपेशींचं इंजेक्शन अजून अभ्यासाच्या पायरीवर आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, मान्यताप्राप्त चाचणीबाहेर असा उपचार करणं योग्य नाही. कुणी त्यासाठी हजारो रुपये मागितले, तर गाय विकून देऊ नका.

तुम्ही म्हणाल, हळदीचं पेटंट आपणच परतवलं ना? खरं आहे. जखमेवरच्या हळदीसाठी १९९५ मध्ये अमेरिकेत दिलेलं पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं. पण ते रद्द झालं हा उपयोग आपल्याकडं जुनाच आहे म्हणून. डब्यातली पूड ताज्या भाजलेल्या जागेवर दाबा, असं त्यात कुणी सांगितलेलं नाही.

तेव्हा गुऱ्हाळमालकांनी चुलवाणाजवळ स्वच्छ पाण्याचा पिंप भरून ठेवावा. भाजल्यास :

१) लगेच २० मिनिटं साधं गार पाणी ओता. बर्फ नको. चिकटलेला पाक ओढून काढू नका.

२) अंगठी, कडं, बांगड्या सूज येण्याआधी काढा.

३) फोड फोडू नका. टूथपेस्ट, शाई, चुना, हळद काहीही लावू नका.

४) धुतलेल्या सुती कापडानं सैल झाका.

५) भाजलेली जागा तळहातापेक्षा मोठी असेल, चेहरा, हात किंवा सांधा भाजला असेल, कातडी पांढरी पडून बधिर झाली असेल किंवा मूल भाजलं असेल, तर १०८ ला फोन करा. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही विचारा.

सरपंच आणि ग्रामसेवकांनी हंगामाआधी एवढी माहिती प्रत्येक गुऱ्हाळावर लावावी. पहिल्या २० मिनिटांतलं पाणीच खोडवा वाचवतं. उशीर झाला, तर लागणीची वेळ येऊ शकते!