पडेल म्हणून रोखू नका, पडायला शिकवा

पुण्याच्या श्रद्धा गायकवाड या मुलीने २०२२ साली गुजरातमध्ये झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्रासाठी स्केटबोर्डिंगचे सुवर्णपदक जिंकले. तिचे वडील सुरक्षारक्षक. आपल्या मुळशी तालुक्यात हिंजवडी-माणच्या कंपन्यांच्या आणि भूगाव-भुकूमच्या सोसायट्यांच्या गेटवर रात्रपाळी करणारे कितीतरी बाप आहेत. म्हणून ही बातमी आपल्याही घरातली आहे.

पायात चाकांचे बूट बांधून खेळतात ते स्केटिंग. स्केटबोर्डिंग वेगळे. इथे चार चाकांच्या फळीवर उभे राहून तोल सांभाळायचा, फळीसकट उडी मारायची आणि पुन्हा फळीवरच उतरायचे. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा खेळला गेला. मुलींच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्ण जिंकणारी जपानची मोमिजी निशिया आणि रौप्य जिंकणारी ब्राझीलची रायसा लील, दोघीही तेव्हा फक्त १३ वर्षांच्या होत्या.

रायसा सात वर्षांची असताना परीचा निळा झगा घालून पायऱ्यांवरून उडी मारत होती. तो व्हिडिओ टोनी हॉक या नामवंत स्केटबोर्डपटूने जगाला दाखवला. तिची स्वतःची आवडती खेळाडू होती ब्राझीलचीच लेटिसिया बुफोनी. टोकियोत त्या दोघी एकाच संघातून खेळल्या. जिच्याकडे पाहून शिकलो तिच्याच शेजारी उभे राहता येते, हे मुलांना कळले की त्यांची पाठ आपोआप ताठ होते.

मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावाचेही उदाहरण घ्या. तिथे २०१५ मध्ये स्केटपार्क उभा राहिला. नियम दोनच : शाळेत गेला नाहीत तर फळी मिळणार नाही आणि पहिली पाळी मुलींची. आदिवासी आणि यादव वस्तीतली मुले तिथे एकत्र खेळू लागली. त्याच गावची आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधल्या नानजिंगच्या जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरली. जातीने आखलेली गावाची वाट चार चाकांनी थोडी तरी मोडली.

व्हिडिओत न दिसणारी गोष्ट

आवडत्या खेळाडूचा व्हिडिओ काही सेकंदांचा असतो. त्यात जमलेली एक उडी दिसते, त्याआधीचे शंभर वेळा पडणे दिसत नाही. अनेक मोठे खेळाडू हेल्मेटशिवायही दिसतात. मुले तेवढेच उचलतात. पोरगी कोपर फोडून घरी आली की आई म्हणते, "आता हाडं मोडून घेतेस का? बस घरात." मुलाला मलम मिळते, मुलीला मनाई. नर्स म्हणून माझे सांगणे उलटे आहे. खेळ बंद करू नका, सुरक्षा वाढवा. या खेळाने तोल सुधारतो, पायांत ताकद येते आणि वाढत्या वयात हाडे घट्ट होतात. आपल्या मुलींना याची मोठी गरज आहे.

फळीवर चढण्याआधी

पाच वर्षांखालच्या मुलाला स्केटबोर्ड देऊ नका. सहा ते दहा वयात मोठे माणूस शेजारी हवे. डोक्याला घट्ट बसणारे, पट्टा लावलेले हेल्मेट, मनगट, कोपर आणि गुडघ्याला गार्ड, पायात सपाट तळाचे बंद बूट. चप्पल नको. फळी जुनी चालेल, चौघांत एक चालेल, पण एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नका.

पौड रस्त्यावर डंपर धावतात, तिथे फळी अजिबात नको. गाडीला मागून धरून जाणे म्हणजे जिवाशी खेळ. मुळशीच्या पावसात ओल्या जमिनीवर चाक सरकते, त्या दिवसांत घरात नुसता तोलाचा सराव करा.

पडायचेही शिकावे लागते. तोल गेला की गुडघे वाकवून खाली बसा, हात ताठ टेकू नका, खांद्यावरून अंग लोळवा. आधी गवतावर, फळीशिवाय याचा सराव करा.

पडल्यानंतर

सर्वांत जास्त मार मनगटाला लागतो, कारण पडताना हात पुढे जातो. सूज येण्याआधी बांगडी, अंगठी, दोरा काढा. चोळू नका, ओढून बसवू नका, मालिश करणाऱ्याकडे नेऊ नका. मुलांच्या हाडांच्या टोकाला वाढीची पट्टी असते, ती दुखावली तर हात वाकडा वाढू शकतो. पुठ्ठ्याचा आधार द्या, ओढणीची झोळी करून हात गळ्यात अडकवा आणि एक्स-रे काढा.

अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर दुखत असेल तर विशेष लक्ष द्या. तिथल्या स्कॅफॉइड या छोट्या हाडाला रक्तपुरवठा कमी असतो आणि पहिल्या एक्स-रेत त्याची चीर कधीकधी दिसत नाही. दुखणे राहिले तर १० ते १४ दिवसांनी पुन्हा तपासून घ्या.

खरचटले तर वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा. हळद, माती, टूथपेस्ट लावू नका. १० आणि १६ वर्षांची धनुर्वाताची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, ती झाली आहे का पाहा.

डोक्याला मार लागून शुद्ध हरपली, वारंवार उलट्या झाल्या, झटका आला, बोलणे अडखळले, झोपेतून उठवणे कठीण झाले किंवा नाका-कानातून पाणी अथवा रक्त आले, तर लगेच १०८ ला फोन करा. वरून बरे वाटले तरी त्या दिवशी पुन्हा खेळायला सोडू नका.

जागा मागा

हा खेळ महागड्या क्लबचा नाही. त्याला हवी गुळगुळीत काँक्रीटची मोकळी जागा. शाळेचे किंवा विहाराचे आवार सुटीच्या दिवशी दोन तास मिळू शकते. पुढच्या ग्रामसभेत मुलांच्या खेळासाठी सपाट चौथऱ्याची लेखी मागणी करा, आणि अर्जावर मुलींच्याही सह्या घ्या. जागा मिळाली की पहिली पाळी त्यांचीच ठेवा.