तक्रार करता न येणाऱ्यांचे घर

घरात गतिमंद मूल असले की आईवडिलांच्या मनात एक प्रश्न कायम घर करून असतो. तो म्हणजे, आमच्या माघारी याचे कसे होणार? मूल लहान असते तोवर हा प्रश्न मागे ढकलता येतो. मुलगा तिशीला आणि आईवडील साठीला पोहोचले, की तो टाळता येत नाही. मग कोणीतरी सुचवते, एखाद्या संस्थेत ठेवा. पण संस्था म्हणजे नेमके काय, ती चालते कशी आणि चांगली संस्था ओळखायची कशी, याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्यांना पूर्वी सरसकट मतिमंद म्हटले जाई, त्यांच्यासाठी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बौद्धिक अक्षमता हा शब्द आला. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम आणि सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूचा पक्षाघात, यांचीही त्या कायद्यात स्वतंत्र नोंद आहे. या अवस्था बहुधा जन्मापासून किंवा बालपणापासून असतात. तो वेडेपणा नव्हे आणि औषधाने बरा होणारा आजारही नव्हे. योग्य शिक्षण आणि सवय यांमुळे माणूस बरेच शिकतो, पण कोणाच्या तरी आधाराची गरज अनेकांना आयुष्यभर राहते.

चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांत हा आधार मिळणे अधिक कठीण होते, ते अंतरामुळे. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर. अपंगत्वाचा दाखला काढायचा तर मुलाला घेऊन जिल्ह्याच्या रुग्णालयात जायचे, म्हणजे घरच्या दोन माणसांची मजुरी बुडाली. शिवाय इथल्या कामांचे हंगाम ठरलेले. उन्हाळ्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात धानाची रोवणी, हिवाळ्याच्या शेवटी अनेक जण मिरची तोडायला तेलंगणात जातात. घरची सगळी हाताशी आलेली माणसे बाहेर पडली की मागे राहतो तो हाच एक. त्याला घरात कोंडून, कधी बांधूनही ठेवले जाते. त्यामागे दुष्टपणा असतोच असे नाही. बहुतेक वेळा दुसरा इलाज नसतो.

अशा वेळी आपल्या भागातल्या माणसाला पटकन आठवते ते आनंदवन. ते साहजिकच आहे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या ओसाड जमिनीवर कुष्ठरोग्यांच्याच हातांनी एक वसाहत उभी राहिली. निवासी संस्थेत माणसाला नुसते सांभाळायचे नसते, त्याला काम आणि मान द्यायचा असतो, हा धडा त्या वसाहतीने देशाला दिला. अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळाही तिथे निघाल्या.

मात्र हा धडा जसाच्या तसा उचलता येत नाही. कुष्ठरोगी हा समाजाने टाकलेला असला तरी स्वतःची बाजू मांडू शकणारा प्रौढ माणूस होता. जेवण बरे नसेल, कोणी अन्याय केला असेल, तर तो बोलू शकत होता. तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला अनेकदा तेच जमत नाही. त्याची तक्रार शब्दांत येत नाही, वागण्यात येते. तो जेवणाचे ताट ढकलतो, अंथरूण ओले करू लागतो, स्वतःचा हात चावतो, विशिष्ट माणूस दिसला की कोपऱ्यात जाऊन बसतो. नवखा कर्मचारी म्हणतो, हट्टी झाला आहे. जाणता कर्मचारी विचारतो, हे कधीपासून? दात दुखतो आहे का? रात्री काही घडले का? निवासी संस्थेचे व्यवस्थापन म्हणजे मुळात ही न बोललेली तक्रार ऐकण्याची व्यवस्था. इमारत, पलंग आणि भांडी त्यानंतर येतात.

ही व्यवस्था साध्या गोष्टींनी बनते. प्रत्येक माणसाची स्वतंत्र वही हवी. तो कुठल्या गावचा, कोणती भाषा समजतो, काय खातो, कशाला घाबरतो, झटके येतात का, हे त्यात प्रवेशाच्या दिवशीच लिहिलेले असावे. बौद्धिक अक्षमतेबरोबर फेपरे असण्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त असते. फेपऱ्याच्या गोळ्या एकदोन दिवस चुकल्या तरी झटके उसळू शकतात. म्हणून गोळी देणाऱ्याने दिल्याची सही त्याच वेळी करायची. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क अनेकदा तुटत आला आहे. तशा भागात पावसाळ्याआधी औषधांचा पुरेसा साठा करणे हा व्यवस्थापनाचाच भाग असतो.

दुसरी गोष्ट रात्रीची. दिवसा शिक्षक असतात, पाहुणे येतात. रात्री दहानंतर किती कर्मचारी जागे असतात आणि ते कोण असतात, यावर संस्थेची खरी परीक्षा होते. झटका, पडणे, गुदमरणे आणि अत्याचार, हे धोके रात्री वाढतात. मुलींच्या विभागात महिला कर्मचारी, एकट्या माणसावर भार न टाकता दोघांची पाळी आणि सकाळी लेखी निरोप देऊन पाळी बदलणे, एवढे नियम काटेकोर पाळले तरी पुष्कळ अनर्थ टळतात. पण त्यासाठी सेवकाला वेळेवर पगार आणि सुट्टी मिळाली पाहिजे. दर तीन महिन्यांनी माणसे बदलत राहिली तर कोणाची खूण कोणाला कळणार?

तिसरी गोष्ट भाषेची. हेमलकशाला १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना माडिया भाषा शिकून घ्यावी लागली. धडधाकट रुग्णांसाठी जर हे आवश्यक होते, तर जेमतेम वीसपंचवीस शब्द समजणाऱ्या माडिया मुलाला मराठी बोलणाऱ्या वसतिगृहात ठेवले तर त्याचे काय होईल? त्याच्याजवळ होते तेवढेही शब्द निरुपयोगी ठरतात. आयुष्यभर भात खाल्लेल्याला रोज पोळी वाढली तर तो उपाशी राहतो आणि वहीत शेरा पडतो, जेवत नाही.

व्यवस्थापनाची सोय आणि माणसाचा हक्क यांत सोयीलाच वरचढ होऊ दिले तर काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील काही मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. मासिक पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे कारण पुढे केले गेले. देशभर निषेध झाला आणि शस्त्रक्रिया थांबल्या. ज्या प्रश्नाचे उत्तर पुरेशा सेविका आणि चिकाटीने दिलेले प्रशिक्षण हे होते, ते शस्त्राने शोधले गेले. पुढे मतिमंद मुलांच्या बालगृहांतील गैरप्रकार उघड झाल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची दखल घेतली आणि या बालगृहांवर देखरेखीसाठी डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

यापुढचा अवघड टप्पा अठराव्या वर्षाचा. बालगृहाचा कायदा मुलांसाठी आहे. अठरा पूर्ण झाली की संस्था सोडायची, हा सर्वसाधारण नियम. अनुरक्षणाची सोय असली तरी तीही मर्यादित काळाची. ज्याला आईबाप नाहीत आणि ज्याचे मानसिक वय चारपाच वर्षांचे आहे, त्याने कुठे जायचे? आपल्या विदर्भातच, अमरावती जिल्ह्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. त्यांनी १२३ बेवारस दिव्यांग मुलांना आपले नाव दिले, त्यांच्याकडून हजारो झाडे लावून जगवली, अनेकांचे संसार मांडून दिले. अशा मुलांना अठरानंतरही आपल्याच घरी राहू देणारा कायदा करा, ही त्यांची मागणी. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सन्मान झाला, आनंद आहे. पण एका माणसाच्या हिमतीवर जे चालते, ते त्याच्या पश्चात कसे चालेल, हा प्रश्न आईवडिलांच्याच प्रश्नासारखा आहे.

ज्यांना आईवडील आहेत, त्यांनी एक काम आजच करावे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीसाठी अठरानंतर कायदेशीर पालक नेमता येतो. हे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीला आहेत. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत पालकाला मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी हिशेब सादर करावा लागतो. त्यामुळे दोन एकर धानाची जमीन असलेल्या मुलाला भावबंदांनी परस्पर बेदखल करणे सोपे राहत नाही. आईवडील हयात असताना हे झाले तर पालक कोण असावा, यावर त्यांचे मतही विचारात घेता येते.

शासनाने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग केला. त्याच्यापुढे आपली मागणी काय असावी? जिल्ह्याच्या गावी शेकडो खाटांचे एक मोठे वसतिगृह नव्हे. तालुक्याच्या ठिकाणी आठदहा जणांची लहान घरे, गावच्या बाजारात जाता येईल अशी, गावच्याच बायामाणसांना प्रशिक्षण देऊन चालवलेली. आणि हंगामात महिना-दोन महिन्यांसाठी मुलाला सुखरूप ठेवून नंतर घरी नेण्याची सोय. आईवडिलांना मूल टाकायचे नसते, त्यांना थोडा विसावा हवा असतो.

तोवर, आपल्यापैकी कोणावर संस्था निवडण्याची वेळ आली, तर नोंदणीचे प्रमाणपत्र जरूर बघा, कारण त्याशिवाय अशी संस्था चालवता येत नाही. मग न सांगता, संध्याकाळी उशिरा जा. रात्रपाळीला कोण आहे ते विचारा. औषधांची वही उघडून पाहा. तिथल्या एखाद्या रहिवाशाकडे बोट दाखवून सेवकाला विचारा, याला काय आवडते? उत्तर लगेच आले, तर मुलाला तिथे ठेवण्याचा विचार करायला हरकत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)