विचारले तरच सापडणारा ताप

संध्याकाळी अंग तापते, रात्री घामाने कपडे भिजतात आणि सकाळी जरा बरे वाटते. काही दिवस असे चालते, मग ताप थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. सांधे आणि कंबर दुखते, भूक मरते, वजन उतरते. मलेरिया निघत नाही, डेंगी निघत नाही, टायफॉइडही ठरत नाही. दुखणे पाठीत ठाण मांडून बसले की एमआरआय होतो, मणक्यात संसर्ग दिसतो आणि क्षयरोगाची औषधे सुरू होतात. अशा काही रुग्णांना क्षय नसतोच. त्यांना झालेला असतो ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांकडून माणसाला होणारा जिवाणूजन्य आजार.

हा आजार ओळखण्याची साधने शंभर वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहेत. तरीही निदान हुकते, कारण तापाच्या नेहमीच्या तपासण्यांत ब्रुसेलाची चाचणी नसते. डॉक्टरांनी ती नावाने लिहून दिली तरच होते. आणि डॉक्टरांना संशय यायचा, तर रुग्णाच्या गोठ्याची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचावी लागते.

शेळ्यांनी दिलेला पुरावा

या आजाराचे जुने नाव ‘माल्टा ताप’. भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर तैनात असलेले ब्रिटिश सैनिक या तापाने महिनोन् महिने अंथरुणाला खिळत. लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये दगावलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून त्याचा जिवाणू वेगळा केला. ब्रुसेला हे नाव त्यांच्यावरूनच पडले. पण जिवाणू येतो कोठून, हे कोडे कायम होते.

१८९७ मध्ये आल्मरॉथ राइट यांनी दाखवून दिले, की रुग्णाच्या रक्तातील सीरम या जिवाणूंमध्ये मिसळले तर जिवाणू एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. शरीराने जिवाणूविरुद्ध तयार केलेल्या प्रतिपिंडांचे हे काम. १९०५ मध्ये माल्टातील डॉक्टर थेमिस्टोक्लीस झामित यांनी शेळ्यांचे रक्त याच पद्धतीने तपासले. वरून धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांचे रक्तही पुंजके करू लागले. त्यांच्या दुधातही जिवाणू सापडले. १९०६ मध्ये सैनिकांना शेळीचे दूध देणे बंद झाले आणि छावणीतील ताप झपाट्याने ओसरला.

थेंबाची चाचणी, नळ्यांची चाचणी

आजही निदानाची सुरुवात बहुधा प्रतिपिंडांपासूनच होते. सर्वांत सोपी चाचणी रोझ बंगालची. गुलाबी रंग दिलेल्या मृत जिवाणूंच्या आम्लयुक्त द्रावणाचा एक थेंब आणि रुग्णाच्या सीरमचा एक थेंब पट्टीवर मिसळून हलवतात. चार मिनिटांत गुलाबी कण दिसले, तर चाचणी पॉझिटिव्ह. महागडे यंत्र लागत नाही, खर्च कमी, त्यामुळे लहान प्रयोगशाळेतही ती करता येते. मात्र ही चाळणी आहे. पॉझिटिव्ह आलेला नमुना पुढच्या चाचणीने पडताळावा लागतो.

ही पुढची चाचणी म्हणजे राइट यांच्या पद्धतीची आजची आवृत्ती, नळीतील ‘स्टँडर्ड अ‍ॅग्लुटिनेशन टेस्ट’. सीरम टप्प्याटप्प्याने पातळ करत नेतात: १:२०, १:४०, १:८०, १:१६० आणि पुढे. प्रत्येक नळीत ठरावीक जिवाणू-द्रावण घालून ती साधारण एक दिवस ३७ अंश सेल्सिअसला ठेवतात. सीरम किती पातळ केले तरी पुंजके होतात, ते प्रमाण म्हणजे टायटर. लक्षणे जुळत असतील, तर १:१६० किंवा त्याहून अधिक टायटर सहसा आजाराकडे बोट दाखवते. दोन-तीन आठवड्यांनी घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यात ते चौपट झाले, तर पुरावा अधिक भक्कम होतो.

यात एक फसवी जागा आहे. प्रतिपिंडे फारच जास्त असतील, तर पहिल्या काही नळ्यांत पुंजके होतच नाहीत. तंत्रज्ञ तेथेच थांबला, तर जोरदार आजार असलेल्या माणसाला निगेटिव्ह अहवाल मिळतो. म्हणून सीरम बरेच पातळ होईपर्यंत तपासत जावे लागते.

उलट चूकही होते. दूषित अन्नातून पोटात जाणाऱ्या येर्सिनिया जिवाणूच्या एका प्रकाराचे आवरण ब्रुसेलाशी इतके मिळतेजुळते असते, की त्याच्या संसर्गानंतरही ही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. शिवाय पशुवैद्यक, मेंढपाळ, खाटीक यांचा जनावरांशी रोजचा संबंध असतो. त्यांच्या रक्तात जुन्या संसर्गाची प्रतिपिंडे आजार नसतानाही सापडतात.

प्रतिपिंडे नवी की जुनी, हे कळण्यासाठी त्यांचा प्रकार पाहतात. संसर्गानंतर आधी ‘आयजीएम’ तयार होतात, नंतर ‘आयजीजी’. एलायझा चाचणी दोन्ही वेगवेगळी मोजते. दुसऱ्या एका पद्धतीत सीरमवर मर्कॅप्टोइथेनॉल या रसायनाची क्रिया करतात. त्याने आयजीएम मोडतात. त्यानंतरही टायटर टिकून राहिले, तर ते आयजीजीचे असते आणि आजार अजून धुमसत असल्याची शंका बळावते. जुनाट आजारात काही प्रतिपिंडे जिवाणूला चिकटतात, पण पुंजके करत नाहीत. ती पकडायला कूम्ब्ज चाचणी लागते.

जिवाणू हाती लागला तर

निर्विवाद पुरावा एकच: रुग्णाच्या रक्तातून किंवा अस्थिमज्जेतून जिवाणू वाढवून दाखवणे, म्हणजे कल्चर. अस्थिमज्जेत जिवाणू सापडण्याची शक्यता रक्तापेक्षा जास्त असते, पण ती काढणे रुग्णाला त्रासाचे. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्त घेतलेले बरे. ब्रुसेला सावकाश वाढतो. स्वयंचलित यंत्रांत तो बहुतेक वेळा आठवड्याभरात दिसतो, जुन्या पद्धतीत मात्र काही आठवडे वाट पाहावी लागते. पाच दिवसांनी बाटली फेकून दिली, तर पुरावाही जातो. आजार जुना असेल, तर कल्चर निगेटिव्ह येण्याची शक्यता अधिक. म्हणून निगेटिव्ह कल्चरवरून ब्रुसेलोसिस नाही असे म्हणता येत नाही.

कल्चरला आणखी एक बाजू आहे, ती तंत्रज्ञांच्या जिवाची. प्रयोगशाळेत काम करताना होणाऱ्या जिवाणू संसर्गांत ब्रुसेलोसिस आघाडीवर आहे. हवेत उडालेले अगदी थोडे जिवाणू श्वासातून गेले तरी पुरतात. चीनमधील लानचौ शहरात २०१९ मध्ये जनावरांची ब्रुसेला लस बनवणाऱ्या कारखान्यात मुदत संपलेले जंतुनाशक वापरले गेले आणि जिवंत जिवाणू धुराड्यातून बाहेर पडले. पुढच्या वर्षीपर्यंत दहा हजारांहून अधिक लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. त्यामुळे ब्रुसेलाचा संशय असलेले कल्चर सुरक्षा-कपाटातच हाताळायचे असते. तपासणीच्या कागदावर ‘ब्रुसेलाचा संशय’ हे दोन शब्द नसतील, तर तंत्रज्ञ ते साध्या टेबलावर उघडतो. यंत्रालाही हा जिवाणू ओळखताना चकवा बसू शकतो, आणि नमुना दिवसभर चार हातांतून फिरतो.

पीसीआर चाचणी जिवाणूचा डीएनए काही तासांत शोधते. त्यासाठी जिवाणू वाढवावा लागत नाही, त्यामुळे धोका कमी. पण पूर्ण उपचारानंतर बऱ्या झालेल्या काही जणांतही हा डीएनए अनेक महिने सापडत राहतो. टायटरही हळूहळू उतरते. म्हणून औषध थांबवायचे की नाही, हे केवळ अहवालातील आकड्यावर ठरत नाही. ताप, वजन आणि दुखणे यांचाही हिशेब धरावा लागतो.

क्षय की ब्रुसेला?

हा प्रश्न केवळ नावापुरता नाही. ब्रुसेलोसिसवर सहसा डॉक्सिसायक्लिन सहा आठवडे आणि जोडीला रिफॅम्पिसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिन देतात. यातली शेवटची दोन्ही क्षयावरचीही औषधे आहेत. त्यामुळे क्षय समजून उपचार सुरू झाले, तर ब्रुसेलाच्या रुग्णाला काही दिवस उतार पडतो आणि चुकीच्या निदानावर शिक्का बसतो. पण उपचार अर्धवट असल्याने दुखणे उलटते. मणक्याची झीज, अंडकोषाची सूज, क्वचित हृदयाच्या झडपेचा संसर्ग इथपर्यंत मजल जाते. मणक्याचा क्षय ठरवताना गुरेढोरे बाळगणाऱ्या रुग्णाची ब्रुसेलासाठी रक्ततपासणी करून घेणे म्हणूनच शहाणपणाचे.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये सुरू केलेल्या पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या गायी-म्हशींच्या मादी वासरांना ब्रुसेलाविरुद्ध लस दिली जाते. ही लस जिवंत जिवाणूंची असते. टोचताना सुई स्वतःच्या हाताला लागली, तर तीही डॉक्टरांना सांगण्याची गोष्ट आहे.

घरच्यांनी काय करावे, हे फारसे अवघड नाही. दूध उकळूनच प्यावे. निरसे, धारोष्ण दूध टाळावे. गाय-म्हैस गाभडली किंवा जार अडकला, तर उघड्या हातांनी ओढू नये. पडलेला गर्भ आणि जार खोल पुरावेत. आणि ताप लांबला, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता तीन गोष्टी आपणहून सांगाव्यात: घरी कोणती जनावरे आहेत, अलीकडे एखादे गाभडले का, आणि कच्चे दूध पिण्यात आले का. प्रयोगशाळेत कोणती चाचणी होणार, हे बऱ्याचदा या तीन उत्तरांवर ठरते.