विश्लेषण : ‘सर्व्हर डाऊन’ आधी कोणाला कळते? लोड बॅलन्सरवर नजर कशी ठेवतात?

अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया २०२५ मध्ये पहिल्यांदाच संपूर्ण राज्यात लागू झाली. तोवर ती मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरती होती. त्या वर्षीपासून जालना, अंबड, भोकरदन, परतूरच्या विद्यार्थ्यांनाही त्याच संकेतस्थळावर नोंदणी करायची होती. २१ मे या पहिल्याच दिवशी संकेतस्थळ अडखळले आणि नोंदणी २६ मेपासून सुरू करावी लागली. त्याआधी १६ जुलै २०२१ रोजी दहावीचा निकाल दुपारी एकला जाहीर झाला, पण सुमारे पावणेसोळा लाख विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना तो कित्येक तास पाहताच आला नाही. तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी दिलगिरी व्यक्त केली, चौकशीही जाहीर झाली.

अशा दिवशी सेवा केंद्रावर एकच वाक्य ऐकू येते : ‘सर्व्हर डाऊन आहे.’ पुष्कळदा सगळे सर्व्हर बंद नसतातच. काही चालू असतात, काही गुदमरलेले असतात आणि कोणती विनंती कोणाकडे पाठवायची हे ठरवणारी यंत्रणा गोंधळलेली असते. या यंत्रणेचे नाव लोड बॅलन्सर.

लोड बॅलन्सर नेमके काय करतो?

सोयाबीनच्या हंगामात जालन्याच्या मोंढ्यात ट्रॅक्टरची रांग लागते तेव्हा गेटवर एक माणूस लागतो. कोणता काटा मोकळा आहे ते बघून तो गाड्या वळवतो. एखादा काटा बिघडला तर तिकडे गाडी जाऊ नये, हेही त्यालाच बघावे लागते. मोठ्या संकेतस्थळाच्या मागे एक नव्हे, दहा, पन्नास किंवा शेकडो सर्व्हर असतात. तुमच्या मोबाइलवरून गेलेली विनंती आधी लोड बॅलन्सरकडे जाते आणि तो ती एखाद्या सर्व्हरकडे ढकलतो. पूर्वी हे काम करणारी पेटी कार्यालयातच बसवलेली असे. आता ती सेवा ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट किंवा गुगलच्या क्लाउडमधून भाड्याने मिळते. तिघांचीही डेटा सेंटर मुंबई-पुणे पट्ट्यात आहेत.

म्हणजे सगळी वाहतूक या एकाच ठिकाणाहून जाते. त्यामुळे संकेतस्थळाची तब्येत बघायची तर यासारखी दुसरी जागा नाही. सेकंदाला किती विनंत्या आल्या, उत्तराला किती वेळ लागला, किती चुका झाल्या, किती सर्व्हर तंदुरुस्त आहेत, किती जोडण्या दारातूनच परत पाठवल्या, हे सगळे तिथे नोंदले जाते. चूक कोणाची होती, लोड बॅलन्सरची की मागच्या सर्व्हरची, हेही वेगवेगळे मोजता येते. दुरुस्तीला कुठे हात घालायचा ते यावरून ठरते.

मग सगळे दिसत असताना फसगत का होते?

पहिले कारण सरासरी. समजा, १०० जणांनी निकाल मागितला. ९५ जणांना ०.२ सेकंदात मिळाला आणि पाच जण ३० सेकंद ताटकळले. सरासरी येते १.६९ सेकंद. पडद्यावर हा आकडा बघून कोणीही म्हणेल, ठीक चालले आहे. पण १५ लाख विद्यार्थ्यांत ते पाच टक्के म्हणजे ७५ हजार मुले. म्हणून जाणकार सरासरीऐवजी ‘पी-९९’ बघतात : १०० पैकी ९९ विनंत्यांना जास्तीत जास्त किती वेळ लागला? वरच्या उदाहरणात त्याचे उत्तर ३० सेकंद आहे. धोक्याची घंटा या आकड्याला बांधलेली हवी.

दुसरी फसगत वेळेच्या मापाची. ॲमेझॉनचा लोड बॅलन्सर आपले आकडे दर ६० सेकंदांनी पुढे पाठवतो. खरेदीच्या संकेतस्थळाला ते पुरते, तिथे गर्दी हळूहळू चढते. निकालाची गर्दी भिंतीसारखी येते. १२ वाजून ५९ मिनिटांनी शांतता आणि एकच्या ठोक्याला सगळे राज्य दारात. आकडा पडद्यावर येईपर्यंत पहिले मिनिट संपलेले असते. क्लाउड आपोआप क्षमता वाढवतो हे खरे, पण वाढवायलाही वेळ लागतो. तारीख आणि वेळ आधीच जाहीर असलेल्या दिवशी क्षमता आधी वाढवून ठेवणे एवढाच उपाय उरतो. तशी सोय क्लाउड कंपन्या देतात. ती न वापरण्याला तांत्रिक अडचण म्हणता येणार नाही, तो नियोजनाचा भाग आहे.

हेल्थ चेकवर किती विसंबायचे?

कोणता सर्व्हर जिवंत आहे हे कळण्यासाठी लोड बॅलन्सर ठरावीक वेळाने प्रत्येकाला हाक मारतो. यालाच हेल्थ चेक म्हणतात. ॲमेझॉनच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरमध्ये काही न बदलल्यास ही हाक दर ३० सेकंदांनी जाते. लागोपाठ दोनदा उत्तर आले नाही तर सर्व्हर बाजूला काढला जातो आणि परत घ्यायला लागोपाठ पाच उत्तरे लागतात. म्हणजे बिघडलेला सर्व्हर जवळपास मिनिटभर लोकांच्या विनंत्या गिळत राहू शकतो आणि बरा झालेला सर्व्हर अडीच मिनिटे बाहेर बसतो.

त्यातही हाक कशाला मारली, हे महत्त्वाचे. ‘आहेस का?’ एवढेच विचारले तर सर्व्हर ‘हो’ म्हणेल, मग त्याच्या मागचा डेटाबेस ठप्प का असेना. पडद्यावर सगळे हिरवे, निकाल मात्र कोणालाच दिसत नाही. याच्या उलट, डेटाबेसही तपासून उत्तर दे असे सांगितले, तर डेटाबेस थोडा मंदावताच सगळे सर्व्हर एकदम ‘आजारी’ ठरतात. दहापैकी तीन सर्व्हर बाहेर गेले की उरलेल्या सातांवर प्रत्येकी ४३ टक्के जास्त भार येतो. मग चौथा पडतो, पाचवा पडतो.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. २० ऑक्टोबर २०२५ला, ऐन दिवाळीत, नरक चतुर्दशीच्या दुपारी अमेरिकेतल्या व्हर्जिनियातील ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये बिघाड झाला आणि जगभरातली असंख्य ॲप्स बंद पडली. सुरुवात एका डेटाबेस सेवेच्या पत्त्याच्या नोंदीतून झाली. पण पुढचा अंक लोड बॅलन्सरचा होता. नव्याने सुरू झालेल्या सर्व्हरपर्यंत नेटवर्कची माहिती पोहोचायला उशीर होत होता आणि हेल्थ चेक त्याआधीच त्यांना तपासत होते. परिणामी चांगले सर्व्हरही एका तपासणीत नापास, पुढच्या तपासणीत पास असे आत-बाहेर होऊ लागले. या ये-जा करण्याचा ताण तपासणी करणाऱ्या यंत्रणेवरच पडला आणि चालू क्षमताही बाहेर काढली गेली. भारतीय वेळेनुसार रात्री दहाच्या सुमारास अभियंत्यांनी हे आपोआप बाहेर काढणे चक्क बंद केले, तेव्हा जोडण्यांच्या चुका कमी झाल्या. तपासणाऱ्यालाही तपासणारा कोणीतरी लागतो, तो असा.

लोड बॅलन्सरला काय दिसत नाही?

जे त्याच्यापर्यंत पोहोचलेच नाही ते. २८ एप्रिल २०२१ला १८ वर्षांवरील सर्वांसाठी कोविन खुले झाले, तेव्हा मिनिटाला २७ लाखांपर्यंत हिट्स आले आणि अनेक जण ओटीपीची वाट बघत बसले. ओटीपी एसएमएसने येतो आणि तो रस्ता वेगळा आहे. तसेच घनसावंगी किंवा मंठा तालुक्यातल्या एखाद्या गावात रेंजच नसेल तर ती विनंती मुंबईच्या पडद्यावर उमटत नाही. म्हणून चांगल्या सेवा बाहेरूनही तपासल्या जातात. वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवरून एक नकली विद्यार्थी दर मिनिटाला लॉग इन करून बघतो. खर्च फार नाही, पण त्याची आठवण बहुधा गोंधळ झाल्यावरच होते.

‘९९.९ टक्के सुरू’ म्हणजे किती?

अशा सेवांच्या करारांत ‘अपटाइम’ टक्क्यांत लिहिण्याची पद्धत आहे. महिन्याला ९९.९ टक्के म्हणजे ३० दिवसांत ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा. पीक विम्याच्या शेवटच्या दिवशी किंवा निकालाच्या दुपारी ही ४३ मिनिटे सलग गेली तरी करार पाळला गेला असेच कागदावर दिसेल. वर्षातून चार-पाच दिवसच ज्यांची खरी परीक्षा असते, त्या पोर्टलना महिन्याचे माप लावणेच चुकीचे आहे. गर्दीच्या तासाचे वेगळे माप हवे : त्या तासात किती टक्के विनंत्या यशस्वी झाल्या आणि पी-९९ किती होता. हे दोन आकडे निकालानंतर जाहीर करायला काहीच हरकत नसावी. लोड बॅलन्सरच्या नोंदी ठेवल्या असतील, तर त्यातून ते काढता येतात.

मोबाइलवर दिसणाऱ्या ५०२, ५०३, ५०४चा अर्थ काय?

हे आकडे पुष्कळदा लोड बॅलन्सरच पाठवतो. ५०२ म्हणजे मागच्या सर्व्हरने धड उत्तर दिले नाही किंवा जोडणी मध्येच तोडली. ५०३ म्हणजे सध्या काम घ्यायला सर्व्हरच उपलब्ध नाही. दोन्हीत लगेच दहा वेळा रिफ्रेश केले, तर रांगेत तुमच्याच दहा विनंत्या उभ्या राहतात. काही मिनिटे थांबणे किंवा निकालासाठी डिजिलॉकरसारखा दुसरा अधिकृत मार्ग वापरणे बरे.

५०४ मात्र वेगळा. त्यात सर्व्हरला काम मिळालेले असते, उत्तर वेळेत परत आलेले नसते. तुमचा अर्ज कदाचित जमा झालेला असतो, पैसेही कापले गेलेले असू शकतात. त्यामुळे शुल्क भरताना ५०४ दिसला, तर पुन्हा ‘पे’ दाबण्याआधी बँकेचा एसएमएस आणि पोर्टलवरची अर्जाची स्थिती बघा.