तेलाच्या नळ्या

मी कला शाखेचा विद्यार्थी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला तुटला आणि तो दोघांच्याही संमतीने तुटला. तरीही या अंकासाठी मोटारीच्या ब्रेकवर लिहितो आहे. त्याला कारण आमच्या आजोबांची १९७६ सालची प्रीमियर पद्मिनी, आणि गेल्या मे महिन्यातली एक संध्याकाळ.

आमचे घर गुहागरला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. त्या संध्याकाळी काका गाडी चालवत होते, मी शेजारी आणि आजी मागे. चिपळूणहून येताना गावात शिरण्यापूर्वी रस्ता चांगलाच उतरतो. तो उतार आम्ही नेहमीसारखा उतरलो. अंगणात गाडी लावताना काकांनी ब्रेक दाबला, आणि पेडल चिखलात पाय जावा तसे तळापर्यंत गेले. गाडी तुळशीवृंदावनाच्या अलीकडे वीतभर थांबली ती हातब्रेकने. हातब्रेक यांत्रिक असतो, त्याला तेल लागत नाही, म्हणून तो शाबूत होता. खाली वाकून पाहिले तर मागच्या चाकाजवळ तेलाचा ओघळ. काका काही बोलले नाहीत, पण बराच वेळ ते त्या उताराच्या दिशेने पाहत उभे होते.

आता हे तेल कसले? तत्त्वज्ञानाच्या तासाला आपल्याला जो ब्लेझ पास्कल भेटतो (१६२३–१६६२), त्यानेच हेही सांगून ठेवले आहे, की कोंडलेल्या द्रवावर एका जागी दाब दिला तर तो सगळीकडे सारखा पोचतो. मोटारीचा ब्रेक याच नियमावर चालतो. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या तेल ढकलतो, बोरूएवढ्या जाडीच्या पोलादी नळ्यांतून तो दाब चारी चाकांपर्यंत जातो आणि तिथे ब्रेक शू ड्रमवर आतून घासतात. टायरमध्ये हवेचा दाब पंचवीस-तीस पौंडांचा. या नळ्यांत मात्र तो शेकड्यांत असतो, आणि कचकन ब्रेक मारला तर हजाराच्या घरात जातो. आमच्या गाडीत चारी चाकांना मिळून तेलाचा मार्ग एकच. त्यामुळे एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. पुढच्या काळातल्या गाड्यांत दोन स्वतंत्र मार्ग आले ते याचसाठी.

दुसऱ्या दिवशी मेस्त्री आले. काकांचे म्हणणे, फुटला तेवढा तुकडा कापावा, जोड द्यावा, काम संपले. मेस्त्री गाडीखाली सरपटत गेले आणि स्क्रूड्रायव्हरने एकेक नळी खरवडू लागले. थोड्या वेळाने आतूनच आवाज आला, "भाऊ, जोड मी देणार नाही. हवं तर दुसरा माणूस बघा."

काकांना राग आला. मग मेस्त्रींनी पुढच्या चाकाकडे जाणारी, वरून चांगली दिसणारी एक नळी सोडवली आणि तिची पट्टी काढून ती काकांच्या हातात दिली. पट्टीखालचा भाग वाळवीने खाल्लेल्या वाशासारखा झाला होता. नखाने टोचला तर पापुद्रे निघाले. नळी गंजते ती अशाच जागी. पट्टीमागे चिखल साचतो, चिखलात खारे पाणी मुरते आणि उन्हातसुद्धा तिथली ओल जात नाही. उघडी नळी वाऱ्याने सुकते, झाकलेली सुकत नाही. काका म्हणाले, "सगळ्या बदला." त्यानंतर त्यांनी पैशांचा विषय काढला नाही.

नळी कशाची घ्यावी, यावर मेस्त्रींची मते ठाम. नुसते तांबे वळवायला सोपे असते म्हणून पुष्कळ जण तेच लावतात. पण तांबे सततच्या थरथरीने कडक होत जाते आणि एक दिवस चिरते. मूळची असते तशी पोलादी नळी घ्यावी, नाहीतर नव्वद टक्के तांबे आणि दहा टक्के निकेल अशा मिश्रधातूची. ही दुसरी खाऱ्या हवेत टिकते. आम्ही तीच मुंबईहून मागवली, तीन-षोडशांश इंचाची. पद्मिनी निघायच्या बंद होऊन वीस वर्षे उलटून गेली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. पण नळी वाराने मिळते. तिला गाडीचे नाव लागत नाही.

खरी परीक्षा जुने नट सोडवण्यात. साधा पाना लावला की गंजलेल्या नटाचे कोपरे घासतात आणि मग तो कशालाच बधत नाही. त्यासाठी नळीवरून घालता येईल असा, एका बाजूने चिरलेला रिंग पाना मिळतो. गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यायचे. तरी नट हटला नाही तर नळी सरळ कापायची आणि नटावर बॉक्स पाना घालायचा. नळी टाकायचीच आहे, तिची दया कशाला?

जुनी नळी नमुना म्हणून जमिनीवर ठेवून नवी तिच्याबरहुकूम वळवायची. हे काम माझ्याकडे आले. वळण गोल वस्तूभोवतीच द्यावे, नाहीतर नळी चिमते. मी आजीचा बत्ता वापरला. मग नळीचे तोंड फुलवायचे, म्हणजे साच्यात धरून त्याला दुमडलेली कड आणायची. ही कड बसणीत चपखल दाबली जाते आणि तेल अडते. फुलवण्याचे प्रकार दोन आहेत, एकाच्या बसणीत दुसरा घट्ट बसत नाही. म्हणून जुने तोंड नीट पाहून तसेच करावे. माझे पहिले तोंड मेस्त्रींनी वाखाणले आणि मग शांतपणे विचारले, "नट कुठाय, बाळा?" नट आधी नळीत ओवायचा असतो. फुललेल्या तोंडावरून तो जात नाही. ती नळी पुन्हा कापली. दुसऱ्यांदाही तेच झाले, पण ते मी इथे सविस्तर लिहीत नाही.

चाकाजवळच्या रबरी नळ्याही त्याच खेपेला बदलल्या. शेवटी नवे ब्रेक ऑइल. नावात ऑइल असले तरी हे खरे तेल नव्हे. इंजिनाचे तेल यात ओतले तर आतले रबर फुगून सगळे निकामी होते. हा द्रव हवेतली ओल शोषतो. डॉट ३ प्रकारचा ताजा द्रव किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेला १४० च्या आसपास उकळू शकतो, आणि वाफ झाली की पेडल पुन्हा खाली. शिवाय ते पाणी नळीला आतून गंजवते. म्हणून दर दोन वर्षांनी तो बदलावा. आमचा किती वर्षे बदलला नव्हता, हे घरात कोणालाच आठवले नाही.

मग हवा काढणे. हवा दबते, तेल दबत नाही, त्यामुळे एक बुडबुडा राहिला तरी पेडल स्पंजासारखे लागते. सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात. काका पेडलवर, मेस्त्री निपलपाशी. "दाबा... धरून ठेवा... सोडा." निपलला लावलेल्या नळीतून बाटलीत बुडबुडे यायचे थांबेपर्यंत हेच चालले. वरचे भांडे रिकामे पडू न देण्याची जबाबदारी माझी, कारण ते रिकामे झाले की हवा पुन्हा आत आणि सगळे पहिल्यापासून. सारे झाल्यावर काकांनी पूर्ण जोराने पेडल दाबून धरले आणि मी प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून पाहिला. एक कागद ओला झाला. तो जोड मीच आवळलेला होता.

हे वाचून कोणी एकट्याने गाडीखाली शिरू नये. माझ्या शेजारी चाळीस वर्षे हेच काम केलेला माणूस होता, आणि गाडी नुसत्या जॅकवर नव्हे, घोड्यांवर उभी होती.

तिसऱ्या दिवशी काका आणि मी रिकामी गाडी घेऊन सपाटीवर दहादा थांबलो आणि मगच तो उतार उतरलो. पेडल वरच्या वर, दगडासारखे. काका अर्ध्या उतारावर विनाकारण एकदा थांबले, मग पुन्हा एकदा. आजी मात्र पुढच्या खेपेला चिपळूणहून एसटीनेच आली.