पेढी कीं कंपनी?

कर्त्या पुरुषाच्या एकट्याच्या नांवावर चालणारा धंदा जरा मूळ धरूं लागला, कीं "आतां कंपनी काढा, कर कमी पडेल" असें सांगणारे हितचिंतक भेटूं लागतात. हा सल्ला अगदींच खोटा नाहीं. पण तो अर्धा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यांत साऱ्या घराचें हिताहित सांठलेलें आहे, असें आम्हांस वाटतें.

मूळ भेद असा कीं, एकट्याच्या धंद्यांत मालक आणि धंदा हीं दोन नाहींत. धंद्याचा नफा तेंच मालकाचें उत्पन्न, व त्यावर चढत्या दरानें कर. कंपनी मात्र कायद्यानें निराळी व्यक्ति होय. इंग्लंडांत लॉर्डांच्या सभेनें १८९६ सालीं सालोमन खटल्यांत हें तत्त्व पक्कें केलें, व आपल्याकडेही तेंच मानलें जातें. २०१३ च्या कायद्यानें एकाच सभासदाची कंपनी काढतां येऊं लागली. तरी तिची तिजोरी त्या एकाची होत नाहीं.

आतां आंकडे पाहूं. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या करपद्धतीप्रमाणें बारा लाख नफा झालेल्या मालकास, दुसरें उत्पन्न नसल्यास, सूट मिळून कर शून्य पडतो. (धंदा एकत्र कुटुंबाचा असेल तर ही सूट नाहीं, तेथें ६२,४०० रुपये भरावे लागतात.) बावीस टक्क्यांचा दर पतकरणाऱ्या कंपनीस अधिभार व उपकर धरून २५.१६८ टक्के, म्हणजे ३,०२,०१६ रुपये द्यावे लागतात. नफा साठ लाखांवर गेला कीं पारडें फिरतें: मालकास १५,७८,७२०, तर कंपनीस १५,१०,०८० रुपये.

येथेंच हितचिंतक थांबतात. पण कंपनीकडे उरलेले ४४,८९,९२० रुपये घरीं आणावयाचे कसे? लाभांश म्हणून वांटले, तर १ एप्रिल २०२० पासून तो कर भागधारकास भरावा लागतो. एकाच भागधारकानें सारी रक्कम घेतली तर आणखी सुमारें ९,६४,००० रुपये जातात. संचालक म्हणून वाजवी पगार घेतां येतो, व तो कंपनीच्या खर्चांत धरला जातो, ही सोय खरी; परंतु त्या पगारावरही घेणाऱ्यास कर आहेच.

मुलीच्या लग्नासाठीं कंपनीकडून उसने घेऊं, असें कोणी म्हणेल. खाजगी कंपनीनें दहा टक्के वा अधिक मताधिकार असलेल्या भागधारकास सांठलेल्या नफ्यांतून दिलेलें असें कर्ज बहुधा लाभांशच समजलें जातें. पुढें पैसे परत केले तरी तो कर टळत नाहीं. शिवाय धंद्यास खोट आली, तर एकटा मालक ती त्या वर्षींच्या घरभाड्याच्या वा व्याजाच्या उत्पन्नांतून वजा घालूं शकतो. कंपनीची खोट कंपनींतच राहते. आणि उलाढाल कितीही थोडी असली, तरी कंपनीच्या हिशेबांची तपासणी दरसाल सनदी लेखापालाकडून करवून घ्यावीच लागते.

देणेकऱ्यांपासून घरदार सुरक्षित ठेवण्यासाठीं कंपनी काढणें हा विचार निराळा, व तो योग्यही असूं शकेल. केवळ करासाठीं काढावयाची असेल, तर आधीं घरांतील मंडळींनीं एकत्र बसून वर्षाच्या नफ्यापैकीं किती रक्कम संसारास लागते, तें कागदावर मांडावें. जो नफा धंद्यांतच राहून वाढावयाचा, त्यास कंपनी मानवते. ज्यावर चूल, शाळा आणि औषधपाणी चालतें, त्यास पेढीच बरी.